न दिसणारा उजेड

माझी मोठी बहीण लोकांच्या खोल्यांत असा उजेड लावते, जो कोणालाच दिसत नाही. दाजी पाहुण्यांना तिच्या धंद्याची ओळख अशीच करून देतात आणि वर विचारतात, की दिवा चालू आहे की बंद हे बिचाऱ्या गिऱ्हाइकाला कळतं तरी कसं. पाहुणे हसतात. ताई हसत नाही. कामाच्या बाबतीत तिला चेष्टा चालत नाही, हा तिचा दोष आहे, आणि पाठचा भाऊ असल्यामुळे तिचे सगळे दोष मला तोंडपाठ आहेत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी मला लपवाछपवी केली म्हणायला नको. मी ज्या छापखान्यात मशीन चालवायचो, तिथल्या सीलबंद खोलीतून नर्सभरतीच्या प्रश्नपत्रिकेचा एक कागद चोरीला गेला. तो मी चोरला. त्या खोलीतला छुपा कॅमेरा माझ्या बहिणीने बसवला होता. आणि धरला गेला तो आमचा रखवालदार.

ताईचं काम समजायला अवघड नाही. अंधारात कॅमेरा आपल्याइतकाच आंधळा. त्याला उजेड लागतो, पण साधा बल्ब लावला तर चोर खोलीत पाऊलच टाकणार नाही. म्हणून इन्फ्रारेडचे दिवे लावायचे. त्यांचा उजेड कॅमेऱ्याला दिसतो, माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. त्यातही खोट अशी, की स्वस्तातल्या दिव्याकडे काळोखात रोखून पाहिलं तर बिडीच्या टोकाएवढा लालसर ठिपका दिसतो, आणि मुरलेल्या चोराला तेवढा पुरतो. ताई ते दिवे हातात धरत नाही. ती अजिबात ठिपका न दिसणारे दिवे वापरते. त्यांचा उजेड लांबवर पोचत नाही, त्यामुळे दोनाच्या जागी चार बसवावे लागतात, आणि गिऱ्हाईक कुरकुरतं.

दिवे बसवून झाले की ती खोलीची दारं-खिडक्या बंद करते, फटींत कागद कोंबते आणि स्टुलावर वीस मिनिटं नुसती बसून राहते. डोळे अंधाराला सरावले की मान फिरवत चारही कोपरे बघते. एका कोपऱ्यात जरी लालसर शंका आली तरी सगळं उतरवून पुन्हा पहिल्यापासून. मालकालाही ती शेजारी बसवते. एकदा एक दागिन्यांचा व्यापारी त्या वीस मिनिटांत घोरायला लागला, आणि ताईने त्याला उठवून सांगितलं, की आता पुन्हा वीस मिनिटं, कारण तुम्ही डोळे मिटले होते.

या कामात तिला कपड्यांचा नाद लागला. आपल्याला काळं दिसणारं सगळंच तिच्या दिव्याला काळं दिसत नाही. कित्येक काळे कपडे त्या उजेडात पांढरेफटक येतात, कारण त्यांचा रंग तो उजेड अडवतच नाही. घरातला एकेक कपडा तिने कॅमेऱ्यासमोर धरून पाहिलाय. दाजींची ऑफिसची काळीभोर पँट पडद्यावर दुधासारखी पांढरी आली, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढे कित्येक वर्षं जेवताना दाजींची पांढरी पँट हा आमचा हक्काचा विषय होता. म्हणजे ही गोष्ट मला माहीत होती, आणि मला माहीत आहे हे ताईला माहीत होतं.

पण कोणाकडे काय बसवलं, हे ती घरात कधी बोलत नाही. ताकास तूर लागू देत नाही. आमच्या छापखान्यातही ती एका सुट्टीच्या दिवशी येऊन कॅमेरा आणि चार दिवे लावून गेली, एका बंद पडलेल्या ट्यूबलाइटच्या पट्टीत, आणि त्याच संध्याकाळी माझ्या घरी येऊन माझ्याच हातचा चहा पिऊन गेली. मला पत्ता नाही.

आता मी चोरी का केली ते. माझी बायको नर्सभरतीच्या परीक्षेला दोनदा बसली होती. पहिल्या वेळी चार गुणांनी गेली, दुसऱ्या वेळी दोन. तिसरी खेप ही वयाच्या अटीत बसणारी शेवटची. ती पहाटे उठून पाठ करायची, भाजी चिरताना पुटपुटायची, आणि कधीकधी न्हाणीघरात नळ सोडून रडायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी तीच प्रश्नपत्रिका छापणाऱ्या मशीनवर दिवसाचे आठ तास उभा. छापताना कागद वाचायची सोय नाही, पर्यवेक्षक डोक्यावर उभा असतो, पण खराब निघालेले कागद सीलबंद खोलीतल्या पेटीत पडतात, हे मला ठाऊक होतं. त्या खोलीला मागच्या बाजूला रद्दी बाहेर ढकलायची एक खिडकी आहे. तिची कडी आतून नीट बसत नाही, हे फक्त मशीनवाल्यांना ठाऊक. बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिनेच मला पोलिसांत दिलं असतं, आणि हे मी तिच्या कौतुकाने म्हणतोय.

सोमवारी एका जादा रात्रपाळीत, दोनच्या सुमाराला, मी टोपी पुढे ओढली, तोंडाला रुमाल बांधला आणि त्या खिडकीतून आत गेलो. आत मिट्ट काळोख होता. मी टॉर्चही लावला नाही, हाताने चाचपून पेटीतला कागद काढला, खिशात घातला, बाहेर आलो. दोन मिनिटांचं काम. घरी येऊन तो कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला. तो बायकोला दाखवायचं धैर्य मला शेवटपर्यंत झालं नाही.

मंगळवारी सकाळी पेटीतले कागद मोजताना एक कमी भरला, तेव्हा मालकाने ताईला बोलावून रेकॉर्डिंग काढून घेतलं, आणि दुपारी आम्हा सगळ्यांना हॉलमध्ये उभं करून मोबाइलवर दाखवलं. मी स्वतःला पाहिलं. राखाडी खोलीत पांढऱ्या कपड्यातला एक माणूस पेटीवर वाकलाय. चेहरा नाही, नुसती टोपी आणि रुमाल. खिडकी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर होती. उजव्या कोपरावर हाताच्या तळव्याएवढा एक काळा डाग.

छापखान्यात आम्ही मशीनवाले काळं जॅकेट घालतो, कारण कागदासाठी हॉल थंड ठेवलेला असतो आणि काळ्यावर शाई दिसत नाही. पांढरा शर्ट घालणारा माणूस एकच, रात्रीचा रखवालदार. सगळे त्याला मेजर म्हणायचे. बिचारा सैन्यभरतीत छाती दोन बोटं कमी भरली म्हणून परत आलेला, पण सलाम असा ठोकायचा की मालकाचीही पाठ ताठ व्हायची. सीलबंद खोलीची किल्ली त्याच्याकडे. कपडे पांढरे. आणखी काय हवं होतं? मालक म्हणाले, कुंपणानेच शेत खाल्लं. मेजरच्या शर्टाच्या कोपराला डाग नव्हता, तर धुतला असेल म्हणाले.

माझं जॅकेट पांढरं दिसतंय, हे मला त्या क्षणी कळलं. आणि तो डाग म्हणजे डाग नव्हता. माझ्या जॅकेटचं कोपर मागच्या वर्षी मशीनच्या दांड्यात अडकून फाटलं होतं, आणि ताईने तिच्या हत्यारांच्या जुन्या पिशवीचं काळं रेक्झिन कापून त्यावर ठिगळ लावून दिलं होतं. दिवसाउजेडी ते दिसायचंही नाही, काळ्यावर काळं. तिच्या दिव्याखाली जॅकेट पांढरं झालं होतं आणि रेक्झिन काळंच राहिलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं माझं. हॉलमधले पंचवीस जण माझ्या कोपराकडेच बघतायत असं वाटायला लागलं. प्रत्यक्षात सगळे मेजरकडे बघत होते.

मालकाला लगेच पोलिसांत जायचं नव्हतं. कागद बाहेर कोणाला दिला, त्याचं नाव आधी मेजरकडून काढून घ्यायचं होतं. म्हणून त्यांनी शुक्रवारी दुपारी चारची मुदत दिली. तोपर्यंत रोज सकाळी यायचं आणि ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसायचं. मेजर बसला. बुधवारी बसला, गुरुवारी बसला. येणारा-जाणारा बघायचा. पहिल्या दिवशी तो प्रत्येकाला सांगायचा की मी नाही केलं. दुसऱ्या दिवशी त्याने सांगणं सोडलं. मी त्याच्यासमोरून पाण्याला जायचो तेव्हा त्याने एकदा सवयीने मला सलाम केला, आणि मी पाणी न पिताच परत फिरलो.

मला भीती मालकाची नव्हतीच. भीती होती ताईची. काळा कपडा पांढरा दिसतो हे जगात कोणाला माहीत नसेल, पण तिला होतं. मग ती बोलत का नाही? मी मनाची समजूत घालायचो, की तिने रेकॉर्डिंग नुसतं काढून दिलं असेल, नीट बघितलं नसेल. कामाचा व्याप आहे, चुकलं असेल. जी बाई एका लाल ठिपक्यासाठी सगळी खोली उसकटते ती इथे चुकली असेल, असं मी स्वतःला पटवत होतो, आणि पटतही होतं. गरजवंताला अक्कल नसते.

मंगळवारी संध्याकाळी ती माझ्या घरी आली. काही काम नव्हतं. खुर्चीत बसून राहिली, कामावर सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. मी म्हटलं, ठीक. बुधवारी फोन करून एक फळी ठोकायला बोलावलं. दाजी बाहेर गेलेले. मी फळी ठोकली, ती स्क्रू धरून शेजारी उभी. एरवी खिळा वाकडा गेला तरी माझा उद्धार करते, त्या दिवशी एक शब्द नाही. ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते; गुरुवारी रात्री जिन्यात गाठून तिने विचारलं, मेजरला मुलं किती आहेत. मी सांगितलं, दोन मुली, आणि वर म्हटलं की पाऊस येईलसं वाटतं. आकाश निरभ्र होतं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि वर निघून गेली.

त्या रात्री मी ब्लेड घेऊन ठिगळ उसवायला बसलो. ताईची शिलाई, नायलॉनच्या दोऱ्याची, दुहेरी. चार टाके काढले आणि हात थांबला. उसवलं तर भोक दिसणार, जॅकेट घालून नाही गेलो तर सगळे विचारणार. दगडाखाली सापडला होता हात. ठिगळ तसंच ठेवलं आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडलो. शेजारी बायको झोपेत रक्तगटांची नावं पुटपुटत होती.

शुक्रवारी तीन वाजता ताई तिची पेटी घेऊन छापखान्यात आली. मालकाला म्हणाली, चार वाजायच्या आत मला काहीतरी दाखवायचंय. मालकाने पर्यवेक्षकाला बोलावलं, मेजरला आत घेतलं, आणि तिने सांगितलं म्हणून मलाही. तिने ऑफिसच्या काचांना पुठ्ठे लावले, टेबलावर एक दिवा आणि एक कॅमेरा मांडला, तार मालकाच्या मोठ्या पडद्याला जोडली.

मग तिने माझ्याकडे वळून हात पुढे केला.

"तुझं जॅकेट दे," ती म्हणाली.

दाराबाहेर खुंटीवर सहा जॅकेटं टांगलेली होती. तिने माझंच मागितलं. मी काढलं. चेन अर्ध्यावर अडकली, ती सोडवायला मला एवढा वेळ लागला की पर्यवेक्षक मदतीला पुढे आला. ताईने ते हातात घेतलं, सगळ्यांना दाखवलं. रंग कोणता? काळा, मालक म्हणाले. तिने खुर्चीच्या पाठीवर ते टांगलं, उजवी बाही बाहेर काढून, आणि ऑफिसचा दिवा बंद केला.

खोली अंधारात गेली. पडद्यावर खुर्ची आली, आणि खुर्चीवर एक पांढरं जॅकेट.

कोणीतरी श्वास आत ओढला, बहुतेक मेजरने. ताईने आवाज न चढवता समजावलं, की हा उजेड असाच असतो, काळं पांढरं करतो. रेकॉर्डिंगमधला माणूस पांढऱ्या कपड्यात दिसला म्हणून तो पांढऱ्या कपड्यात होता असं होत नाही. हे मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं, असंही ती म्हणाली. मालक पडद्याजवळ गेले. त्यांचं बोट कोपरावर थांबलं. पांढऱ्या बाहीवर तळव्याएवढा काळा चौकोन. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, सोमवारचं रेकॉर्डिंग लावलं आणि पडद्याशेजारी धरलं.

तेव्हासुद्धा ती मला वाचवू शकली असती. रेक्झिन बाजारात ढिगाने मिळतं, दुसऱ्याही कोणाचं जॅकेट फाटलं असेल, एवढं एक वाक्य. मालक तेच विचारत होते, असं ठिगळ आणखी कोणाला आहे का.

"नाही," ताई म्हणाली. "ते ठिगळ मी लावलंय. माझ्या पिशवीचं आहे. हा माझा भाऊ आहे."

एवढंच. तिने उठून ऑफिसचा दिवा लावला आणि तारा गुंडाळायला घेतल्या.

मालकाने पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत मला बाहेरच्या बाकावर बसवलं, जिथे मेजर बसायचा. ताई शेजारी येऊन बसली. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. भोगायचं होतं ते भोगलंच असतं, पण सख्ख्या बहिणीने चारचौघांत हात धरून द्यावं? शेवटी मी विचारलं, तुला कळलं कधी.

"मंगळवारी सकाळी. तुझं कोपर मी ओळखणार नाही?"

"मग बाहेरचं दुसरं कुठलंही जॅकेट घ्यायचं होतंस. मेजर सुटला असता, मीही सुटलो असतो."

"आणि मालकाने मशीनवाल्यांपैकी दुसऱ्या कोणाला तरी धरलं असतं," ती म्हणाली. "मी तीन दिवस तुझ्या तोंडाकडे बघत होते. एकदा बोलला असतास तर मीच तुझ्याबरोबर आले असते. आजसुद्धा जॅकेट मागितलं तेव्हा थांबले होते. तू चेन काढत बसलास."

ती रडत होती, पण तोंड भिंतीकडे करून, आणि पोलिसांची गाडी आली तेव्हा डोळे पुसून तिनेच माझी चप्पल पुढे सरकवली.

पुढे जे व्हायचं ते झालं. नोकरी गेली, खटला उभा राहिला. प्रश्नपत्रिका नव्याने काढली गेली, आणि चोराची बायको म्हणून माझ्या बायकोला परीक्षेला बसू दिलं नाही. जी खेप मी तिच्यासाठी सोपी करायला निघालो होतो, ती मीच बुडवली. ती माहेरी गेली नाही, भांडली नाही, फक्त पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. मी शिडी धरून उभा होतो.

जामिनावर सुटलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात. नुसती म्हणाली, "चल." कुठे, ते रस्त्यात कळलं. मी परत फिरायला लागलो तर तिने दंड धरला, लहानपणी शाळेत नेताना धरायची तसा.

मेजर तळमजल्यावरच्या एका खोलीत राहतो. दार उघडं होतं. तो मुलींचे शाळेचे कपडे इस्त्री करत होता. मला पाहून त्याचा चेहरा आक्रसला, पण ताईला पाहून तो लगबगीने पुढे आला, खुर्ची पुसली, बायकोला पाणी आणायला सांगितलं. तो तिला धन्यवाद द्यायला लागला. बाई, तुम्ही नसता तर माझ्या पोरी रस्त्यावर आल्या असत्या, भाऊ असूनही तुम्ही खरं बोललात, असं कोण करतं. तो बोलत होता आणि ताई उभीच होती. खुर्चीवर बसली नाही.

मला तेव्हा वाटलं, चला, निदान हिची तरी मान वर आहे. त्या तीन दिवसांबद्दल गप्प राहिली असती तर कोणाला कधी कळलंही नसतं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ताई म्हणाली. "मंगळवारी सकाळी. तुम्ही त्या बाकावर बसायच्या आधी. हा आपणहून कबूल होईल म्हणून मी तीन दिवस गप्प बसले. ते सांगायला आलेय."

मेजरची बायको पाण्याचे पेले घेऊन माठाजवळच थांबली. मेजरने इस्त्री उभी करून ठेवली. त्याने आधी ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा ताईकडे, जणू दोघांत कोणाला आधी मोजावं ते त्याला कळत नव्हतं.

"भावाला तीन दिवस," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मला कोणी तीन मिनिटं दिली नाहीत हो, बाई."

ताई म्हणाली, "हो."

त्याने फ्रॉकची बाही सरळ केली आणि पुन्हा इस्त्री फिरवायला लागला. पाण्याचे पेले त्याच्या बायकोच्या हातात तसेच राहिले. या असं कोणी म्हणत नव्हतं, जा असंही कोणी म्हणत नव्हतं, आणि आम्ही दोघं बहीणभाऊ त्या उघड्या दारात उभे होतो.